पायगुण

माजा डावा पाय धरला आन् कुंकवाच्या परातीत बुडवला.

मला इचारलं न्हाय. नव्या पुलाच्या पायथ्याला लाल मखमलीच्या खुर्चीत मला बसवलेलं, गळ्यात झेंडूचा हार, म्होरं हलगी कडकडतीय. पुलाच्या हापिसातल्या एका मॅडमनं खाली बसून माजी साडी नडगीपतूर वर केली आन् पाय बाहेर काढला. जो पाय मी आईशिवाय कोणाला दावला न्हाय, तो भर रस्त्यात, कॅमेऱ्याच्या तोंडाला.

"ताई, पाय सरळ धरा की," कॅमेरावाला म्हणला.

सरळ कुठनं धरू? लहानपणी पोलिओ झाला तवापासनं तो आत वळलाय. बोटं खाली, टाच वर. पुलाच्या पयल्या पायरीवर पांढरं कापड अंथरलेलं व्हतं. त्याच्यावर मॅडमनं माजा पाय दोन्ही हातांनी दाबला. घोट्यातनं कळ निघाली ती थेट कमरंपतूर गेली. कापडावर उमटला निस्ता लाल डाग. कोंबडी कापल्यावर पडतो तसला.

"पाऊल वाटंना ओ हे," कॅमेरावाला म्हणला.

पाय धुतला. पुसला. दुसरं कापड अंथरलं. पुन्ना बुडवला, पुन्ना दाबला. पुन्ना डाग. मागं कोणतरी खुदकन हसलं. पुलाचं काम बघणारे साहेब सारखं घड्याळ बघत व्हते. ते म्हणले, "पाहुणे निघालेत तिकडून. कुणाचंही घ्या हो. पाऊल ते पाऊल."

मॅडमनं चप्पल काढली. पाय गोरा, घोटीव, नखांना रंग. तिसऱ्या कापडावर एका दमात उमटला. पाची बोटं, टाच, सगळं जागच्या जागी. टाळ्या पडल्या. मागं फलक व्हता, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिवलेलं, "दिव्यांग भगिनीचे पहिले पाऊल".

माजा पाय परातीच्या कडंला तसाच लाल. पुसायचं कोणाच्या ध्यानात आलं न्हाय. मीच पदरानं पुसला आन् साडीखाली वढून घेतला.

आता तुमी म्हणाल, ही बाई तितं गेली कशाला? सांगते. पण आदी पायगुणाचं सांगावं लागंल, त्याबिगर कळायचं न्हाय.

आमचं गाव माढ्याकडचं. घरात काय बी नवीन आलं की मला मागच्या खोलीत नेऊन बसवायचे. बैलजोडी आणली, मला आत. विहिरीवर इंजन बसवलं, मला आत. चुलतभावाची बायको माप वलांडून घरात आली तवा मी दाराच्या फटीतनं बघितलं. तिची कुंकवाची पावलं उंबऱ्यापासनं देवापतूर उमटलेली. लई देखणी. मी जरा दार लोटलं तर चुलती वरडली, "तिला म्होरं आणू नगा गं. पायगुण बरा न्हाय तिचा."

म्हैस आटली, माजा पायगुण. पाऊस लांबला, माजा पायगुण. बाप वारला तवा तर इचारूच नका. अवो, जो पाय कधी जमिनीला टेकला न्हाय, त्याच्यात एवढी ताकद कुठनं आली? एवढी ताकद असती तर मी चालले नसते का? पण हे मला आता सुचतंय. तवा मी गप बसायची आन् पाय साडीखाली घ्यायची. त्याची सवयच लागली. झोपताना बी झाकून.

बाप गेल्यावर आई मला पाठुंगळी मारून सोलापूरला आली. भवानी पेठेत एका खानावळीत ती भाकऱ्या थापायची. तिच्या शेजारी पाटावर बसून मी पिठाचे गोळे करून द्यायची. पुढं तितलं भाडं झेपंना म्हणून रुळाच्या पल्याड वस्तीत खोली घेतली. आन् मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम लागलं, टावेलाच्या कारखान्यात. मागावरनं आलेल्या टावेलाचे सुटे धागे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. बसून काम. माज्या शेजारी लक्ष्मीअक्का बसायची. तिचं घर तेलुगू, पण माज्यासंगं मराठीत बोलायची. मला "पिल्ला" म्हणायची. पिल्ला म्हंजे त्यांच्यात पोरगी. चाळिशीला आले तरी मी पिल्लाच.

सुरवातीला आई मला रिक्षात उचलून बसवायची आन् अक्का तिकडं उचलून उतरवायची. मग तीनचाकी आली. हातानं मारायची, दोन्ही हातांनी, छातीम्होरं पायडल. त्या दिवसापासनं मला कोणी उचललं न्हाय. चालणाऱ्याला वाटंल, ह्यात काय एवढं? दुसऱ्याच्या बगलंचा वास, दुसऱ्याचा धापा टाकणारा श्वास, "जड झाली गं ही" हे जिनं जन्मभर ऐकलंय तिला इचारा. तीनचाकीवर बसले की मला कोणाची मिन्नत न्हाय. वस्तीतनं निघायचं, फाटकावर थांबायचं, आगगाडी गेली की रूळ वलांडायचे आन् सरळ कामावर. फाटकाचा रस्ता सपाट. माजं सगळं त्या सपाट रस्त्यावर व्हतं. कोणी कायबी म्हणू द्या, मला बाकी काय नगं व्हतं.

मग शहरातल्या शहरात फिरणारी छोटी आगगाडी आली. आमी तिला शहरगाडी म्हणायचो. एमआयडीसीच्या तोंडाला तिचं ठेसन. मी तिला नावं ठेवत न्हाय. मला पायजे व्हती ती. सोलापूरच्या उन्हात हातानं तीनचाकी मारून बघा, दांडा धरवत न्हाय इतका तापतो. तीनचाकीसकट आत चढायचं, पंख्याखाली बसायचं, तीनचाकीसकट उतरायचं. मी मनात किती येळा बसले त्या गाडीत!

पण गाडी आली तशी बातमी बी आली, की फाटक बंद. गाड्या वाढल्या, आता रुळावरनं जायचं न्हाय, पूल बांधलाय, पुलावरनं जावा. पूल म्हंजे पायऱ्या. खालनं बघितलं तर मान दुखावी एवढ्या. बाजूला लिफ्टचा खांब उभा, काचेचं दार, आत अंधार. दाराला साखळी.

आन् त्याच आठवड्यात भाऊ आमच्या घरी आले.

भाऊ म्हंजे आमच्या वस्तीचे पुढारी. मतं मागायला येतात तवा दारातनंच हात जोडतात, चप्पल काढत न्हायत. त्या दिवशी चप्पल काढून आत आले. खाली चटईवर बसले. चहा मागून घेतला. आई चहा गाळता गाळता माज्याकडं बघत व्हती. तिच्या नजरंत एकच सवाल, ह्यो काय मागणार?

"ताई," भाऊ म्हणले, "पुलावर पयलं पाऊल तुमचं पायजे. आमी ठरवलंय. तुमचा पायगुण लई चांगला."

माज्या अंगावर काटा आला. आनंदानं न्हाय. ज्या पायाला गावानं दाराआड ठेवलं त्याचा गुण एका दिवसात कसा काय पालटला? कोणी पालटला? मला संशयाची खोड हाय, व्हय. ती उगं लागलेली न्हाय. आदी मला पांगळी म्हणायचे. मग अपंग म्हणायला लागले. मग दिव्यांग. दर येळी नाव गोड झालं, आन् दर येळी मी इचार केला, आता काय काढून घेणार? नाव गोड झालं की मी पिशवी घट्ट धरते.

मी इचारलं, "भाऊ, लिफ्ट चालू हाय का?"

"त्याच दिवशी चालू! बटण तुमीच दाबायचं, ताई."

त्या बटणासाठी मी गेले. पायगुणासाठी न्हाय, हारासाठी न्हाय. लिफ्ट चालू झाली तर फाटक गेलं तरी चालंल, माजी वाट राहती, असा माजा हिशोब. म्हणून संशय गिळला आन् नवी साडी नेसले. आई म्हणली, "जपून गं. चहा पिऊन गेलाय तो." मी म्हणलं, बटण दाबून येते.

तितं गेले तर लिफ्टची साखळी तशीच. मी भाऊंना म्हणलं, "भाऊ, बटण?"

"लिफ्टचं उद्घाटन वेगळं हाय ताई. त्याला वेगळे पाहुणे."

असं म्हणले आन् हात केला. मंडपवाल्याकडनं आणलेली ती खुर्ची म्होरं आली. नवरा-नवरीला बसवतात ती, सोनेरी हातांची. मला तीनचाकीवरनं उचललं आन् त्या खुर्चीत ठेवलं. मी "थांबा" म्हणायच्या आत. पुढचं पायाचं तुमाला सांगितलंच.

मॅडमच्या पावलाचं कापड वाळत घातलं आन् भाऊ वरडले, "उचला!"

चौघांनी खुर्ची उचलली. हलगी म्होरं, मी मागं, पायऱ्या चढत. वरनं खाली बघितलं तर चक्कर यावी. चौघांतल्या एकाचा हात खुर्चीवर नव्हता, माज्या अंगावर व्हता. मी त्याच्याकडं बघितलं. तो कॅमेऱ्याकडं बघत व्हता. त्या हाताला मी चिमटा काढला, नखं रुतवून. तवा हात खुर्चीवर गेला. पायरीवर उभी असलेली एक म्हातारी दुसरीला म्हणली, "वरात कुणाची गं?" कॅमेरावाला उलटा चढत व्हता. "हसा की ताई. हसा, हसा!"

मी हसले. राग तोंडापतूर आलेला, पण चौघांच्या खांद्यावर असल्यावर माणूस कोणाला शिव्या देणार? पडायची भीती असती.

पलीकडं फलाटावर मला ठेवलं. गाडी उभीच व्हती, फुलांच्या माळा लावलेली. पाहुणे आले, माज्या शेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढला. डोक्यावर हात ठेवला. मला माज्याएवढ्या वयाच्या माणसानं डोक्यावर हात ठेवलेला आवडत न्हाय, पण ते असो. मग सगळी गाडीत चढली. मला बी चढवायला चौघं आले. खुर्ची दारात मावंना. आडवी केली, तिरपी केली. मी गच्च धरून बसलेली. साहेब म्हणले, "राहू द्या, वेळ होतोय. फोटो झालाय ना?"

"झालाय, झालाय," कॅमेरावाला म्हणला आन् टुणकन आत गेला.

दारं मिटली. गाडी गेली. हलगीवाले बी त्यांच्यातच.

फलाटावर मी. नवरीच्या खुर्चीत. गळ्यात हार. माजी तीनचाकी पुलाच्या पल्याड, खाली. वाटलं, येतील. गाडी परत आली की येतील. गाडी परत आली. रिकामी आली. ते सगळे पुढच्या ठेसनावर उतरून जेवायला गेले, असं एका झाडूवाल्या बाईनं सांगितलं.

मग मंडपवाला आला. शास्त्री नगरकडचा असावा, दखनी बोलत व्हता. लांबच उभा राहिला, मान खाली.

"आपा, माफ करना. कुर्सी होना था मेरेकू. उदर हल्दी है, लोगां राह देखरे."

काय म्हणणार त्याला? खुर्ची त्याची. मी म्हणलं, "न्या."

तो हलला न्हाय. म्हणला, "आपा, उठाऊँ क्या?"

सबंध दिवसात मला इचारणारा तो एकटा. ते ऐकून मला रडू फुटलं. अपमानानं न्हाय रडले, इचारलं म्हणून रडले. मग म्हणलं, "नगं दादा. मी उतरते." हार काढून खुर्चीच्या हाताला अडकवला, दोन्ही हात टेकले आन् खाली फरशीवर बसले. तो खुर्ची डोक्यावर घेऊन गेला.

मग मी घरी निघाले. कशी? बसून. आदी इकडच्या पायऱ्या चढायच्या व्हत्या. हातांनी कठड्याचा गज धरायचा, अंग वर वढायचं, पायरीवर बसायचं, पाय मागनं वढून घ्यायचे. पुन्ना. सिमेट तापलेलं. तळहात भाजले, साडी मांडीवर फाटली. वर पूल सपाट व्हता, तितं सरकत गेले. लोकं बाजूनं जात व्हती. दोघांनी वाकून हात म्होरं केला. मी म्हणलं, "हात लावू नगा." एक म्हणला, "मदत करतोय बाई, माज काय करते?" व्हय बाबा. माज. चाळीस वर्सांत पयल्यांदा केला.

उतरताना शेवटच्या पायरीला दोन माणसं बसलेली. ते पाऊल उमटलेलं कापड एका फळीवर ताणून बसवत व्हते, वरनं काच लावायला. मी सरकत आले तशी त्यांतला एक वरडला, "ओ बाई, लांबनं! कापडाला धक्का लागंल. दिव्यांग ताईंचं पाऊल हाय ते."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच म्हाईत नव्हतं. मी बाजूनं सरकले. माज्या पायाला अजून कुंकू व्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला आडवे गज जोडलेले. बंद म्हंजे कायमचं बंद.

लोकं चिडली की. सायकलवाले चिडले, सायकल खांद्यावर घेऊन चढावं लागायचं. विड्या करून डोक्यावर टोपली नेणाऱ्या बाया चिडल्या. लक्ष्मीअक्काचे गुडघे कामातनं गेलेले, ती दर टप्प्यावर बसून रडायची. सगळी मिळून पुलापाशी साहेबांना गाठायला गेली. मी नव्हते त्यांच्यात. मी उड्डाणपुलाच्या लांबच्या रस्त्यानं, ट्रकांच्या मधनं, कामावर पोचायच्या गडबडीत व्हते. साहेब काय म्हणले ते मला अक्कानं सांगितलं. साहेबांनी काचंतल्या पावलाकडं बोट केलं, शेजारी लावलेल्या माज्या फोटोकडं बोट केलं, आन् म्हणले, "अहो, या दिव्यांग ताई हसत हसत गेल्या पूल चढून. तुम्हाला धडधाकट माणसांना काय झालंय?"

हे सांगताना अक्का माज्याकडं बघत नव्हती. टावेलाचे धागे कापत व्हती, कचाकचा. मग एकदम म्हणली, "काय गं पिल्ला. काय घेतलंस त्यांच्याकडनं?"

"अक्का! काय बोलतीयास?"

"फोटोत हसतीयास की."

तिनं तिचा गठ्ठा उचलला आन् दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. जेवायच्या सुट्टीत बी आली न्हाय. आजवर मी दुसऱ्यांवर संशय घ्यायची. आता मलाच बघून बाया बोलायच्या थांबायच्या. चुलती मला दाराआड ठेवायची, ते एक येळ बरं. हितं मला बाकीच्यांच्या दारात आडवी घातली व्हती. माज्या नावानं, माज्या तोंडानं, दुसरीच्या पायानं. मला रात रात झोप आली न्हाय. कोणाचा राग येत व्हता म्हणाल तर सगळ्यांचा. त्या हसण्याचा जास्त.

मग भाऊ परत आले. परत चप्पल काढली. परत चहा.

"ताई, पुढचं फाटक बी बंद करायचंय. तितली लोकं आडमुठी हायत. बैठक ठेवलीय समाजमंदिरात. तुमी फकस्त येऊन एवढंच म्हणायचं, पुलाचा मला काय त्रास न्हाय. चार शबुद. मी रिक्षा पाठवतो, पोरं उचलून आत आणतील."

आई म्हणली, "ती यायची न्हाय."

मी म्हणलं, "येते की. रिक्षा नगं. माजी मी येते."

आई माज्यावर लई भडकली. भाऊ गेल्यावर तिनं कप आपटला. म्हणली, "एकदा नाचवून घेतलंस ते पुरं न्हाय झालं?" मी तिला काय सांगितलं न्हाय. खरं तर मला बी नीट ठरलं नव्हतं. एवढंच ठरलेलं, की ह्या बारीला मला इचारल्याबिगर कोणी धरायचं न्हाय.

समाजमंदिराला पायरी एकच, तिच्यावर मी फळी टाकायला लावली. आत गेले. बाया खाली बसलेल्या, गच्च. त्यांच्यात लक्ष्मीअक्का. तिचं घर त्याच बाजूला, पुढचं फाटक गेलं तर तिला कामाला जाताना पूल, बाजाराला जाताना बी पूल. मला बघून बायांत कुजबूज झाली. एक मोठ्यांदा म्हणली, "आली बघ, त्यांची ताई."

टेबलामागं साहेब, भाऊ, आन् तीच मॅडम. टेबलावर ती काच. मुद्दाम पुलावरनं काढून आणलेली, लोकांना दावायला. साहेब बोलले. विकास, सुरक्षितता, जागतिक दर्जा, असलं सगळं. मग म्हणले, "जास्त बोलत नाही. ज्यांनी पहिलं पाऊल टाकलं त्यांनाच ऐकू या."

मी तीनचाकी मारत टेबलापतूर गेले. चाकाला ब्रेक लावला. साडी मीच वर केली. दोन्ही हातांनी डावा पाय धरला, उचलला आन् टेबलावर ठेवला. त्या काचंला चिकटून.

पाय तसाच, वळलेला, बारीक, बोटं खाली. एवढ्या लोकांत तो उघडा बघून मलाच वाटलं, झाकावा. न्हाय झाकला.

"ह्यो माजा पाय," मी म्हणलं. "काचंतला कुणाचा हाय, ते साहेबांना इचारा."

भाऊ हळूच म्हणले, "ताई, पाय खाली घ्या. बरं दिसत न्हाय."

"दिसू द्या. त्या दिवशी परातीत बुडवताना बरा दिसला की."

साहेब म्हणले, "हा इथला विषय नाही. भावना समजू शकतो, पण..."

"भावना न्हायत, पाय हाय," मी म्हणलं. "बायांनो, मी पूल चढले न्हाय. मला न इचारता उचललं. लिफ्टला साखळी व्हती, आज बी हाय. गाडीत मी बसले न्हाय, खुर्ची दारात मावली न्हाय. मला फलाटावर टाकून हे जेवायला गेले. बसून, घासत मी घरी आले. फाटक बंद ठेवलंय ते ह्या काचंच्या जिवावर. त्यात माजं काय बी न्हाय."

मॅडम खाली बघत व्हती. चप्पल घातलेले पाय तिनं खुर्चीखाली घेतले. मला तिची ती हालचाल वळखीची वाटली. जन्मभर मी तेच करत आले.

मग लक्ष्मीअक्का उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, कशीबशी. टेबलापतूर आली. माज्या पायाकडं बघितलं, काचंकडं बघितलं. मला वाटलं, पिल्ला म्हणंल. न्हाय म्हणली. म्हणली, "मग हसलीस कशाला?"

"पडायची भीती वाटत व्हती, अक्का. हसा म्हणले, हसले."

"आन् एवढे दिवस सांगितलं न्हाईस?"

उत्तराला ती थांबली न्हाय. साहेबांकडं वळली आन् म्हणली, "सायब, लिफ्ट चालू करा, मग बोलवा. तवर फाटकाला हात लावायचा न्हाय." मागनं बाया उठल्या. कोण तेलुगूत, कोण कानडीत, कोण मराठीत, एकच गिल्ला. साहेबांनी काच कापडात गुंडाळली. भाऊंनी सगळ्यांना चहा सांगितला. कोणी प्याला न्हाय.

आता तुमाला वाटंल, जिंकलो. चुकूनबी तसं म्हणू नगा. माजं फाटक बंदच हाय. लिफ्टीत अंधारच हाय. पुढचं फाटक आज उघडं हाय, उद्याचं मी सांगत न्हाय. अक्का माज्या शेजारी अजून बसत न्हाय, चार हात लांब बसती. बसंल तवा बसंल. साहेब बदलतील, भाऊ बदलतील, नवीन कोणतरी चप्पल काढून आत येईल, माजं अजून गोड नाव घेऊन येईल. त्याला आई चहा देणार न्हाय, एवढं आमचं ठरलंय.

पाय मी आता झाकत न्हाय. कारखान्यात बी न्हाय, रस्त्यात बी न्हाय. बघणाऱ्यानं बघावं. शहरगाडीत मी बसणार, पण माज्या तीनचाकीवर बसून, माज्या हातानं चाक फिरवून. त्याच्या आदी एक पाऊल बी त्यांना द्यायचं न्हाय, कुंकवाचं न्हाय, फोटोतलं न्हाय. आन् पुढच्या फाटकाला गज जोडायला माणसं येतील त्या दिवशी माजी तीनचाकी रुळाच्या तोंडाशी आडवी उभी असणार. उचलायला आले तर चावणार. पोलिस आले तर त्यांना बी सांगणार, आदी इचारा, आन् मी न्हायच म्हणणार हाय.

मला चालता येत न्हाय. पायात पाय घालता येतो.